रिटायर झाल्यावर नाशिक, नागपूर की दापोली? एसी आणि बिलाच्या हिशोबाने सांगा

ठाणेकर_५८

नमस्कार मंडळी. पुढच्या मार्चअखेर रिटायर होतोय आणि ठाण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन कुठेतरी शांत जागी राहायला जायचं असं आमच्या घरात दोन वर्षं नुसतं चाललंय. आम्ही दोघं आणि माझी आई, वय ८१, गुडघे सोडले तर ठणठणीत.

खरं कारण सांगायचं तर एसी. सातवा मजला, हॉल आणि आईची खोली दोन्ही पश्चिमेला, संध्याकाळी सहाला भिंतीला हात लावला तर पोळीच्या तव्यासारखी. गेल्या मे महिन्यात ५१८ युनिट आलं. ५०० च्या वर गेलं की सगळं बिल महागाच्या दराने लागतं ना, त्यामुळे पोटात गोळाच आला. आणि हे फक्त मेचं नाही, मार्चला एसी चालू होतो तो पावसात जरा थांबतो आणि ऑक्टोबरला परत सुरू. पेन्शनीत हे झेपणार नाही.

तीन जागा डोक्यात आहेत. नाशिक, गंगापूर रोडच्या बाजूला फ्लॅट बघितलाय. नागपूर, सासुरवाडी, मेहुण्याच्या शेजारचं रो हाऊस मिळतंय. आणि दापोली, तिथे वडिलांच्या वाट्याचं जुनं घर आहे, डागडुजी करावी लागेल. मी तिन्ही गावांचं महिन्यावार कमाल तापमान एक्सेलमध्ये टाकलं. नागपूर मेमध्ये ४२-४३, नाशिक ३८-४०, ठाणे-मुंबई ३३-३४. म्हणजे आकडे बघितले तर ठाणंच सगळ्यात थंड! मग मला इतका त्रास का होतो? काहीतरी चुकतंय, जाणकारांनी सांगावं.

सह्याद्री_भटक्या

काका, एक कॉलम राहिलाय. किमान तापमान टाका.

मी मूळचा डोंबिवलीचा, अकरा वर्षं नाशिकला आहे, त्यामुळे दोन्हीकडचा घाम ओळखीचा आहे. मुंबई-ठाण्यात मेमध्ये दिवसा ३४ आणि पहाटे २७. सात डिग्रीचा फरक फक्त. त्यात दमट हवा. म्हणजे दिवसभर भिंती आणि स्लॅबने जी उष्णता पिऊन ठेवली ती रात्री बाहेर टाकायला घराला संधीच मिळत नाही, सकाळी उठलात की घर कालचंच गरम आणि वर नवीन ऊन. नाशिकला दुपारी ३९ असलं तरी पहाटे २२-२३ होतं. रात्री नऊनंतर खिडक्या टाकायच्या उघड्या, वरचा पंखा फुल, घर धुवून निघाल्यासारखं थंड होतं. सकाळी साडेआठला खिडक्या बंद, पडदे ओढायचे, दुपारी दोन-तीनपर्यंत आत २९-३० च्या वर जात नाही. आमच्याकडे एसी आहे, पण वर्षातले चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतो, तोही दुपारचा. ठाण्यात तुम्हाला रात्रीचा लागतो, आठ-नऊ तास, तिथेच सगळी युनिटं जातात.

अडचण एकच, डास. गोदावरीच्या बाजूला संध्याकाळी खिडकी उघडी ठेवायची तर जाळी पाहिजेच. सरकत्या खिडकीला बिल्डरने दिलेली जाळी अर्धीच उघडते, म्हणजे हवाही अर्धीच. मी सगळ्या खिडक्यांना वेगळ्या फ्रेमच्या जाळ्या करून घेतल्या, अख्ख्या घरातला सगळ्यात वसूल झालेला खर्च तो.

आणि बिलाचं. ५०० च्या वर गेलात म्हणून सगळ्या ५१८ युनिटांना वरचा दर लागत नाही हो. पहिली १०० पहिल्या दराने, मग ३०० पर्यंतची दुसऱ्या, ५०० पर्यंतची तिसऱ्या, आणि शेवटच्या १८ युनिटांनाच सगळ्यात वरचा. बिलाच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. अर्थात वर वहन आकार, १६ टक्के वीज शुल्क हे सगळं चढतंच, त्यामुळे पोटातला गोळा अगदीच खोटा नाही 😄

वऱ्हाडी_ठेचा

हाव नं काका, नागपूरचं नाव काढलं की सगळे ४५-४५ करत सुटतात. थोडं आमचंही ऐका.

नागपूरचा उन्हाळा कोरडा आहे, हे तुमच्या एक्सेलमध्ये कुठं दिसत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी ४४ असते तेव्हा आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहून कमी. अशा हवेत कूलर जे काम करते ते एसीला जमत नाही, म्हणजे जमते पण आठपट विजेत. कूलरचा पंखा आणि पंप मिळून २०० वॅट पकडा. ओल्या ताटीतून हवा आत येते ती २७-२८ ची होऊन येते. त्याच कूलरची ठाण्यात काय गत होते पाहा, ३४ ची हवा फारतर साडेएकोणतीस होईन आणि इतकी ओली की चादर चिकटते अंगाला. कूलरला बदनाम मुंबईकरांनी केलं बाप्पा, त्याचा गुन्हा काही नाही.

आता खरं सांगतो, फक्त गोडगोड नाही. नागपूरच्या रात्री मेमध्ये थंड होत नाहीत, किमानच २८ च्या आसपास असते, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर रात्री अकराला गच्चीवर पाय ठेवता येत नाही. म्हणून नाशिकवाल्या दादांचं खिडकी उघडायचं गणित इथं चालत नाही. कूलर रात्रभर चालवा लागते. टाकी ६० लिटरची असली तर दुपारभरात रिकामी, बोअरचं पाणी असंन तर ताटीवर पांढरा क्षार जमते आणि जूनपर्यंत ताटी दगड होते. दर वर्षी ताट्या बदला, पंप साफ करा, टाकी धुवा. खसची ताटी घेतली तर पहिले आठ दिवस घरात जो वास येते त्याच्यासाठीच माह्या बायकोला उन्हाळा आवडते.

एक चूक बाहेरून आलेले सगळे करतात, कूलर लावून दारं-खिडक्या बंद करतात. मंग तासाभरात ठाणं होते घराचं. समोरच्या बाजूची एक खिडकी विताभर उघडी पाहिजे, हवा निघून गेली पाहिजे.

पाऊस पडला की कूलर संपला. जुलै ते सप्टेंबर चिपचिप, तिथं एसीच. म्हणजे आईच्या खोलीत एक एसी ठेवाच. पावसाळ्यात कूलरमध्ये पाणी ठेवलं तर डेंग्यूचे डास होतात, महापालिकेचे लोक टाकी पाहायला येतात, तेव्हा कोरडी करून ठेवायची.

आणि ८१ वर्षांच्या माणसाचं सांगतो, या वयात तहान लागल्याचं लवकर कळत नाही. सकाळी अकरा ते पाच बाहेर नाही म्हणजे नाही, आणि माठाचा पेला हातात नेऊन द्यायचा.

पडवीतला_झोपाळा

दापोलीवर कोणीच बोलेना म्हणून मी. आमचं घर हर्णैच्या बाजूला, पण दापोली गाव आणि किनारा यात फरक आहे तो आधी सांगते. दापोली गाव वर, पठारावर, समुद्रापासून सात-आठ किलोमीटर आत. थंडीत पहाटे स्वेटर लागतो, उगाच मिनी महाबळेश्वर म्हणत नाहीत. खाली हर्णै-मुरुडला तेवढं नाही. तुमच्या वडिलांचं घर नक्की कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून.

जुनं घर म्हणजे जांभ्याच्या जाड भिंती आणि कौलं असणार. प्लीज प्लीज स्लॅब टाकू नका. आमच्या चुलत दिरांनी कौलं गळतात म्हणून काढून स्लॅब टाकला, आता दोन खोल्यांत एसी आणि तरी मेमध्ये सगळे झोपायला आमच्या पडवीत. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, मधे माळा असला की त्याची ऊब खाली येत नाही, आणि दुपारी खारे वारे सुटले की पडवीत पंखाही लागत नाही. पहाटे मतलई वारा असतो, मधल्या वेळात मात्र वारा पडतो, रात्री आठ ते अकरा ही आमची खरी उकाड्याची वेळ.

पण उन्हाळ्याचं बिल हा कोकणात प्रश्नच नाही, प्रश्न पावसाळ्याचा आहे. चार महिने ओल. कपाटातले कपडे, चामड्याच्या चपला, पुस्तकं, सगळ्यावर बुरशी. सासऱ्यांच्या पोथ्या आम्ही पावसाळ्यात तांदळाच्या कोठीशेजारी ठेवतो, चुलीची ऊब लागते तिथे. एका खोलीत एसी लावलाय तो गारव्यासाठी नाही, ड्राय मोडवर हवेतली ओल काढायला, त्यात कागदपत्रं आणि औषधं. आणि खाऱ्या हवेने बाहेरचं युनिट खातं, आमचं पहिलं चौथ्या वर्षी पत्रा गळून पडलं. कॉइलला कोटिंग असलेलंच घ्या आणि समुद्राच्या बाजूला लावू नका.

आणि वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत तीन आठवड्यांनी लाईट आली. झाडं आडवी, खांब आडवे, कोणाला दोष देणार. आम्ही कौलाखाली अंधारात होतो पण उकडलं नाही. स्लॅबवाले दीर मात्र तेव्हाही पडवीत.

बांधकाम_काका

ठाणेकर, गाव निवडताय ते ठीक, पण तुमच्या मूळ पोस्टमधलं खरं दुखणं वेगळं आहे, "हॉल आणि आईची खोली पश्चिमेला". हीच खोली नाशिकला घेतलीत तर नाशिकही तसंच तापेल. मी पुण्यात सदतीस वर्षं साइटवर काढली, लोक वास्तू बघतात, दार कुठे, किचन कुठे, आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला "सनसेट व्ह्यू" म्हणून जास्तीचे पैसे देतात.

दक्षिणेला उगाच घाबरतात. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. नाशिकला २० मेच्या आसपास शून्य सावली दिवस असतो, त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारी बाराचा सूर्य चक्क उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला दोन फुटांचा छज्जा असला की एप्रिल-मेचं ऊन अडलं, आणि डिसेंबरात सूर्य खाली आला की तेच ऊन छज्ज्याखालून आत येतं, फुकटचा हीटर. पश्चिमेला छज्जाचा उपयोग नाही, चारनंतर ऊन आडवं येतं. तिथे बाहेरून काहीतरी पाहिजे, बांबूचा चीक, शेडनेट, झाड, काहीही, पण काचेच्या बाहेर. आतून पडदा लावला तर ऊन काच ओलांडून आलेलंच असतं.

दुसरं, भिंत कशाची ते विचारा. हल्ली मिवानमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, बाहेरची भिंतसुद्धा काँक्रीटची ओततात. मजबूत असते, पटकन होते, पण काँक्रीट विटेच्या साधारण दुप्पट उष्णता आत घेतं. एएसी ब्लॉक, ते हलके पांढरे, विटेपेक्षाही बरेच चांगले. सेल्स ऑफिसातल्या मुलाला विचारा, त्याला माहीत नसेल, साइटवरच्या सुपरवायझरला विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल.

तिसरं, सगळ्यात वरचा मजला नको. घ्यायचाच असेल तर गच्चीवर ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांचा थर) पांढरं चायना मोझॅक (फरशीचे तुकडे) आहे का ते वर जाऊन बघा. नुसता काळपट वॉटरप्रूफिंगचा थर असेल तर ती गच्ची रात्री एकपर्यंत खाली उष्णता सोडत बसते. माझे आजोळ लातूरकडे, तिथे माळवदाचं घर होतं, सागाच्या लाकडावर हातभर पांढरी माती. मे महिन्यात दुपारी आत शिरलं की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा एकदमच. आता त्या जागी पत्रा आहे. असो.

एसीच्या स्टारबद्दलही एक. लेबलवर वर्षाची जी युनिटं छापतात ती १६०० तास धरून. तुम्ही ठाण्यात रोज आठ तास नऊ महिने लावलात तर २२०० च्या आसपास जातं, तिथे ५ स्टारचे जादा पैसे लवकर फिटतात. नाशिकला ३००-४०० तासांसाठी ३ स्टार पुरे, उरलेल्या पैशांत जाळ्या आणि चीक. आणि २४ वर ठेवा हो, एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे हे स्टार देणारी सरकारी संस्था, सांगते. १८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होते हा गैरसमज माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा मला मोडता आलेला नाही.

ठाणेकर_५८

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. किमान तापमानाचा कॉलम काल रात्रीच टाकला, चित्रच बदललं. घरात बिलाच्या टप्प्यांचं गणितही सांगितलं, बायको म्हणे म्हणजे इतकी वर्षं तू उगाच मला स्विच बंद करायला लावत होतास.

आता उलटा प्रश्न. आईला गरमीपेक्षा थंडी जास्त बाधते. नाशिकची थंडी किती? हीटर वगैरे लागतो का? ठाण्यात आम्ही शेवटची रजई कधी काढली आठवत नाही.

सह्याद्री_भटक्या

थंडी आहे, नाही म्हणणार नाही. पेपरात डिसेंबर-जानेवारीत निफाडचे ५-६ डिग्रीचे आकडे येतात ते शेतातल्या मोकळ्या जागेचे, शहरात थोडं जास्त, ९-१० समजा, वाईट आठवड्यात त्याच्याही खाली. पण घरात तेवढं नसतं. मागच्या जानेवारीत आमच्या बेडरूममध्ये पहाटे १७ च्या खाली गेलं नाही.

ऑइलचा हीटर मिळतो, २००० वॅटचा, म्हणजे सतत तापला तर तासाला दोन युनिट. झोपायच्या आधी तासभर आणि पहाटे तासभर, वर्षातले वीस-पंचवीस दिवस. पंख्याचा ब्लोअर आईंच्या खोलीत नको, गरम हवा थेट तोंडावर मारतो, घसा धरतो. खरी वीज गीझर खातो काका, ठाण्यात नळाचं पाणीच कोमट असतं, इथे जानेवारीत टाकीचं पाणी बोटं बधिर करतं. सोसायटीत सोलर वॉटर हीटर आहे का बघा, आणि असला तर तुमच्या मजल्यापर्यंत गरम पाणी यायला किती बादल्या गार पाणी सोडावं लागतं तेही विचारा 😄

बांधकाम काकांची दक्षिणेची खोली आईंना द्या. जानेवारीत आमची आई दहा ते बारा तिथेच बसलेली असते, तूरडाळ निवडत.

डॅलसचा_पुणेकर

थोडं अवांतर, पण इकडे घर बदलताना लोक जे बघतात ते तुमच्या एक्सेलला उपयोगी पडेल. त्याला डिग्री डे म्हणतात. रोजचं सरासरी तापमान ठरावीक आकड्यापेक्षा (इथे ६५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १८ सेल्सिअस) जितकं वर तितके कूलिंगचे, जितकं खाली तितके हीटिंगचे, आणि वर्षभराची बेरीज. आम्ही आधी शिकागोला होतो, तिथे हीटिंगचे सहा हजारांच्या वर आणि कूलिंगचे हजाराच्या आसपास. डॅलसला हीटिंगचे दोन-अडीच हजार आणि कूलिंगचे अडीच-तीन हजारांच्या घरात. आम्ही खुश, आता गॅसचं बिल कमी. कमी झालंही, पण एसीने ते मे ते सप्टेंबर वसूल केलं.

आणि मग फेब्रुवारी २०२१. टेक्सासात बर्फ पडला, वीज गेली, आमची अडीच दिवस गेली. शिकागोत उणे वीसला आम्ही आत टीशर्टवर असायचो कारण घर त्यासाठी बांधलेलं, इथे उणे पंधरा-सोळाला घरात ५ डिग्री. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीत, न गुंडाळलेले, शेजारच्यांचे फुटून छत खाली आलं. बायकोने पुण्याहून आणलेली गोधडी आम्ही तिघांनी पांघरली. त्यामुळे निसर्ग वादळाचं वर वाचलं आणि एकदम पटलं. बिल किती येईल हे विचाराच, पण वीज गेलेल्या सगळ्यात वाईट दिवशी त्या घरात बसता येईल का हेही विचारा.

वऱ्हाडी_ठेचा

काका, एक राहिलं. नागपूरला रो हाऊस घेणार असाल तर स्वतःचं छत मिळते, फ्लॅटात नाही मिळत. केंद्राच्या सूर्यघर योजनेत छतावरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, आमच्या गच्चीवर दिवसाला बारा युनिटच्या आसपास पडतात. पॅनलच्या सावलीनं खालची खोलीही थोडी कमी तापते, हा आमचा अनुभव. धूळ मात्र पुसत राहा, एप्रिलमध्ये आठवड्याला.

ठाणेकर_५८

ठरवलंय की आत्ता काही विकत घ्यायचं नाही. येत्या मे महिन्यात नाशिकला महिनाभर भाड्याने राहतो, मुद्दाम वरच्या मजल्यावर नाही आणि मुद्दाम पश्चिमेला नाही. डिजिटल थर्मामीटर घेतलाय, आर्द्रता पण दाखवतो, ठाण्यात हॉलमध्ये आत्ता रात्री साडेदहाला ३१ आणि ७४ टक्के. दापोलीचं घर कौलं बदलून तसंच ठेवायचं, दिवाळी ते होळी तिकडे जाऊन येऊ. स्लॅब रद्द.

नागपूर यादीतून काढत होतो. आईला सगळा धागा वाचून दाखवला तर म्हणाली, "तुझं लग्न नागपूरला भर मे महिन्यातच लावलं ना, मांडवात कूलरपुढे मीच बसले होते. तेव्हा काय झालं मला? उलट तिथेच झोप छान लागली."

वऱ्हाडी_ठेचा

पाहा, आजींना समजते. एप्रिलमध्ये पंधरा दिवस घेऊन या, खसच्या नव्या ताट्या टाकून ठेवतो.